लाकूड, तारा आणि हेवी रॉक

आमच्या बँडमध्ये अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) नाही, ड्रमसेट नाही आणि गाणारं कोणी नाही. दोन अकूस्टिक गिटार (माझी स्टीलच्या तारांची, मैत्रिणीची नायलॉनच्या), एक चेलो, एक डबल बास आणि एक कहोन, म्हणजे हातांनी वाजवायची लाकडी पेटी. एवढ्यावर आम्ही नुकतीच पाच गाणी रेकॉर्ड केली: ब्लॅक सॅबथची 'आयर्न मॅन' आणि 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', लेड झेपेलिनचं 'काश्मीर' आणि आयर्न मेडनचं 'द ट्रूपर'. सगळी १९७० ते १९८३ या काळातली. शब्द एकाही गाण्यात नाहीत.

हा प्रकार नवा नाही. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाने १९९६ साली चार चेलोंवर मेटॅलिकाची गाणी वाजवून अख्खा अल्बम काढला. मेक्सिकोचे रॉड्रिगो आणि गॅब्रिएला आधी थ्रॅश मेटल, म्हणजे वेगवान, आक्रमक हेवी मेटल, वाजवायचे. पुढे दोन नायलॉन गिटारांवर त्यांनी जे उभं केलं, त्यात तो मेटलचा आवेश अजून ऐकू येतो. गॅब्रिएलाचा उजवा हात गिटारच्या लाकडावर ज्या तऱ्हेने पडतो, ते बघूनच आम्ही दोघी अकूस्टिक गिटारकडे ठेक्याचं वाद्य म्हणून बघायला लागलो. पण असं संगीत ऐकणं वेगळं आणि स्वतः मांडणी करायला बसणं वेगळं. बसलो तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न समोर होता, आणि शेवटचा मिक्स ऐकेपर्यंत तो सुटला नाही: या गाण्यांना जे वजन आहे ते नेमकं येतं कुठून?

सुरुवात 'आयर्न मॅन'पासून केली. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ, सोपी आहे, गिटार शिकणारे बहुतेक जण ती लवकरच उचलतात. अकूस्टिकवर तेच सूर, तीच लय वाजवली, तर ती पोकळ वाटली. जोर लावून वाजवली, तर तारा फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून खडखडायला लागल्या आणि पोकळपणा होता तसाच राहिला. आमचा बासवाला आवाजाच्या भौतिकशास्त्रात रमणारा आहे. त्याने कागद ओढला आणि आकडे मांडले.

अशा रिफ ज्या पॉवर कॉर्डवर उभ्या असतात त्यात दोनच सूर असतात, षड्ज आणि पंचम. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला बोलते, तिच्यावरचा पंचम १२३ हर्ट्झला. हे दोन सूर स्वच्छ वाजले तर कानाला दोनच सूर मिळतात. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवण्याच्या क्रियेतून, गेले की अँप त्यांच्या मिश्रणातून नवे सूर तयार करतो, आणि त्यातला एक असतो दोघांच्या फरकाएवढा. १२३ वजा ८२, म्हणजे ४१. हा बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. रेकॉर्डवर गिटारचा जो तळ आपल्याला छातीत जाणवतो, त्यातला एक भाग कोणाच्याही बोटांनी वाजवलेला नसतो. तो अँपच्या पोटात तयार होतो. बास गिटार मग त्याच जागेवर उभी राहून त्याला आणखी जाड करते.

हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता, कारण पोकळपणाला आता एक पत्ता मिळाला होता. अकूस्टिकमध्ये तो खालचा सूर आपोआप येणार नाही, कोणीतरी तो वाजवावा लागेल. चेलोला तो जमत नाही. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास थांबते. आमचा बासवाला तोवर अकूस्टिक बास गिटार वाजवत होता. तिची खालची तार ४१ हर्ट्झचीच, पण तिची पेटी लहान. अँप नसेल तर तो सूर तारेवर असतो आणि खोलीत मात्र पोहोचत नाही. डबल बासची पेटी तो खोलीत पोहोचवते. त्याने पूर्वी शिकलेला डबल बास पुन्हा हातात घेतला, आणि 'आयर्न मॅन'ची रिफ त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर उभी राहिली.

पूर्ण कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचमाच्या मधे जो गंधार असतो, तो पुढचा मुद्दा. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. गिटार ज्या समान अंतराच्या सप्तकात लावतात त्यात पंचम शुद्ध जागेपासून जेमतेम २ सेंट ढळलेला असतो आणि शुद्ध गंधार जवळजवळ १४ सेंट. (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) डिस्टॉर्शन हा वाकडेपणा अनेक पटींनी वाढवून दाखवतं, त्यामुळे पूर्ण कॉर्ड चिखलासारखा ऐकू येतो. म्हणून जड रॉकच्या गिटारवादकांनी रिफमधून गंधार काढून टाकला. अकूस्टिकवर ही अडचण नाही. नायलॉनवाली मैत्रीण म्हणाली, "अगं, मग भरू या ना कॉर्ड! जागा रिकामी कशाला ठेवायची?" आम्ही भरून पाहिला. कोमल गंधार घातल्याबरोबर गाणं उदास झालं, हळवं झालं. मूळ गाण्यात जी भीती आहे ती निघून गेली. पॉवर कॉर्ड आनंदी की दुःखी हे सांगत नाही, आणि ऐकणारा त्या न सांगण्यात अडकून राहतो. शेवटी रिफच्या कॉर्डमध्ये गंधार घालायचा नाही असं ठरलं. शेवटच्या कडव्यात एकाच ओळीवर चेलो तो सूर धरतो आणि सोडतो. माझ्या मते आमच्या सगळ्या मांडणीतली ती सगळ्यात चांगली जागा आहे.

खरा पेच मात्र गाणाऱ्याच्या आवाजाचा होता. 'आयर्न मॅन'च्या कडव्यात गायकाची चाल आणि गिटारची रिफ एकच आहे, सुरावर सूर. गाण्यात हे चालतं, कारण शब्द बदलत राहतात. शब्द काढले की उरते ती एकच ओळ, तीच तीच. रॉकमध्ये गाणाऱ्याची चाल बऱ्याचदा चार-पाच सुरांत फिरते आणि सगळा भार उच्चारावर असतो. वाद्यावर ती जशीच्या तशी वाजवली तर कंटाळवाणी होते. आमच्या चेलोवाल्याने यावर जो उपाय काढला तो त्याच्या मेहनतीचा होता: त्याने गाण्याचे शब्द पाठ केले. वाजवताना तो ते मनात म्हणतो. जिथे गायकाने श्वास घेतलाय तिथे गजाची दिशा बदलते, जिथे व्यंजन कडक आहे तिथे गज तारेवर चावतो, जिथे स्वर लांबलाय तिथे गज ब्रिजच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या) जवळ सरकतो आणि आवाज खरखरीत, धातूसारखा होतो. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी काहीतरी सांगतंय हे कळतं. पहिल्या कडव्यात चेलो नाहीच, फक्त रिफ. दुसऱ्यात तो एक सप्तक वर येतो. तिसऱ्यात चाल त्याच्याकडे आणि आम्ही दोघी खालचे कॉर्ड बदलतो, म्हणजे ओळ तीच आणि पायाखालची जमीन दुसरी.

त्या गाण्याच्या अगदी सुरुवातीला, रिफच्या आधी, गिटारची जाड तार ताणून खाली-वर केलेला एक कण्हल्यासारखा आवाज आहे. अकूस्टिकच्या जाड तारेला तेवढं ताणणं बोटांना झेपत नाही. चेलोवर ती सरळ मींड होते, आणि मूळापेक्षा मला ती जास्त आवडते.

'द ट्रूपर' घ्यायचं हा हट्ट माझा. १९८३ चं हे गाणं म्हणजे घोडदौडीचा ठेका, एक लांब आणि दोन आखूड ठोके, मिनिटाला साधारण १६० च्या लयीत. त्यावर दोन गिटारी एकमेकींपासून थोड्या अंतरावर समांतर धावतात. ही जोडचाल दोन अकूस्टिक गिटारांवर इतकी शोभते की ती त्यांच्यासाठीच लिहिली असावी असं वाटतं. स्टीलची तार चकाकते, नायलॉनची तिच्याखाली मऊ पडते, त्यामुळे दोन्ही ओळी वेगवेगळ्या ऐकू येतात. त्यात मला फारसं काही करावं लागलं नाही.

घोडदौडीवर मात्र आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी ती सगळेच वाजवत होतो: दोन्ही गिटारी पाम म्यूटने (तळव्याच्या कडेने तारा अर्धवट दाबून), बास बोटांनी, कहोन दोन्ही हातांनी. जोश खूप होता, आवाजही खूप होता, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळं मिळून एक खळखळाट. विजेच्या गिटारवर पाम म्यूटचा ठोका अँपच्या दाबामुळे एकसारखा, घट्ट बसतो. अकूस्टिकवर प्रत्येक ठोक्याचा पिकचा आवाज वेगळा, जोर वेगळा, आणि चार वाद्यांचे ठोके केसभर पुढेमागे पडले की कडा पुसल्या जातात.

मग आम्ही काढायला सुरुवात केली. कहोनकडून आखूड ठोके काढले, तिने फक्त लांब ठोका द्यायचा. नायलॉनकडून पूर्ण ठेका काढला. माझ्याकडे फक्त रिफ राहिली. घोडदौड एकट्या बासकडे गेली, आणि ती तिथेच जायला हवी होती, कारण आयर्न मेडनमध्येही हा ठेका पुढे नेणारा माणूस बासवादक स्टीव्ह हॅरिसच आहे, आणि तोही बोटांनीच वाजवतो. आता प्रत्येक ठोक्याच्या मागे-पुढे रिकामी जागा ऐकू यायला लागली. आणि वजन आलं.

त्यानंतर आमच्या तालमींचं रूपच बदललं. सुरू करण्याचा सराव सगळेच करतात. आम्ही थांबण्याचा केला. रिफच्या शेवटी पाचही वाद्यांनी एकाच क्षणी गप्प व्हायचं. ऐकायला साधं आहे. गिटारवर डाव्या हाताची बोटं सैल केली की तार गप्प होते, पण आपण न वाजवलेल्या तारा मागे गुणगुणत राहतात, त्या उजव्या तळव्याने दाबाव्या लागतात. चेलोचा गज तारेवर थांबवायचा, उचलायचा नाही, कारण उचलला तर तार वाजत राहते. डबल बास सगळ्यात हट्टी, त्याची पेटी तार दाबल्यावरही क्षणभर बोलते, म्हणून बासवाल्याला इतरांच्या किंचित आधी हात टेकवावा लागतो. कहोनची पाटी दुसऱ्या तळहाताने धरायची. आम्ही कित्येक संध्याकाळी फक्त एकच ठोका वाजवला आणि थांबवला. लोक कान फाटेल एवढ्या आवाजाबद्दल बोलतात, पण या गाण्यांतल्या रिफ भरलेल्या असतात तेवढ्याच रिकाम्या असतात. डिस्टॉर्शनच्या गुरगुराटात ती रिकामी जागा मला इतकी वर्षं नीट ऐकू आली नव्हती.

कहोनबद्दल थोडं. पेरूमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेलं हे वाद्य, दिसायला नुसती लाकडी पेटी, वाजवणारा तिच्यावरच बसतो. समोरच्या पाटीच्या मधोमध तळवा पडला की घुमारा, वरच्या कडेला बोटं पडली की स्नेअरसारखा कडाका, आत तारा लावलेल्या असतात म्हणून. आमची कहोनवाली आमच्यात सगळ्यात लहान. ती ड्रमसेटवरून आलेली आहे आणि सिंबल नसण्याची तिला सुरुवातीला फार चुटपुट होती. सिंबल ड्रममध्ये वरचं आकाश भरतात. ते नसल्यावर तिथे काय ठेवायचं? तिने काहीच ठेवलं नाही. तिथे स्टीलच्या तारांची चकाकी ऐकू येते, आणि ती पुरते.

'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'साठी तारा उतरवाव्या लागल्या. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे गिटारच तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवली, म्हणजे तारा सैल होतील आणि दाबायला सोप्या जातील. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमवर हा खालचा, सैल आवाज ऐकू येतो, आणि त्यानंतरच्या कित्येक बँडनी तो उचलला. एका माणसाच्या दुखऱ्या बोटांतून एका अख्ख्या संगीताचा खर्ज ठरला, हे मला विलक्षण वाटतं. त्याची रिफ वाजवताना मी दर वेळी त्या बोटांचा विचार करते.

अकूस्टिकवर मात्र हे उतरवणं सरळ जमत नाही. तीन अर्धे सूर खाली गेलेली तार इतकी सैल होते की जोरात वाजवली की सूर आधी चढतो आणि मग जागेवर येतो, त्यामुळे प्रत्येक ठोका किंचित बेसूर ऐकू येतो. जाड तारांचा संच लावून थोडा फरक पडला. नीट उत्तर बॅरिटोन गिटारने दिलं. साध्या अकूस्टिकमध्ये तारेची लांबी साधारण २५ इंच असते, बॅरिटोनमध्ये ती २७ च्या आसपास, त्यामुळे खालच्या सुरालाही तार ताणलेली राहते. ती मी उसनी आणली, आणि परत करताना जिवावर आलं. तिचा ठोका गिटारचा कमी आणि दरवाजा जोरात लावल्याचा जास्त आहे.

'काश्मीर' आमच्याकडे जणू स्वतःहून चालत आलं. मूळ गाण्यातच गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावलेली आहे. ही लावण्याची पद्धत रूढ केली ती डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश अकूस्टिक गिटारवादकाने, १९६० च्या दशकात. म्हणजे लाकडी गिटारकडून विजेच्या गिटारकडे गेलेली गोष्ट आम्ही परत आणत होतो. या गाण्याची गंमत त्याच्या हिशेबात आहे: गिटारची ओळ तीन मात्रांची, ड्रमचा ठेका चार मात्रांचा. दोघं बारा मात्रांनी समेवर भेटतात आणि मधल्या काळात एकमेकांवरून घसरत राहतात. लय संथ, म्हणून ते घसरणं अंगावर येतं. मूळ रेकॉर्डवर तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यंही आहेत. आमच्याकडे एकच चेलो. चेलो दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवावा का, यावर बोलणं झालं. आम्ही तसं केलं नाही. पाच जणांना एका खोलीत जे वाजवता येतं तेवढंच रेकॉर्डवर असेल, हा नियम आम्ही पाचही गाण्यांना पाळला, आणि 'काश्मीर'मध्ये त्या नियमामुळे एकटेपणाचा जो रंग आला तो मला पटतो. ज्यांना या गाण्याचा थाटमाटच आवडतो, त्यांना आमचं रूप कदाचित रुचणार नाही.

'स्मोक ऑन द वॉटर' सगळ्यात लवकर बसलं. त्याची रिफ पंचमाच्या ऐवजी चौथ्या सुराच्या अंतरावरच्या जोड्यांची आहे, आणि डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती पिकने न वाजवता बोटांनी छेडतो, म्हणजे दोन्ही सूर एकाच क्षणी निघतात. नायलॉन गिटारवर हाताची हीच सवय असते. मैत्रिणीने पहिल्यांदा वाजवली तीच मांडणी शेवटपर्यंत राहिली.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही मोठ्या खोलीचा आग्रह धरला. कारण पुन्हा तेच ४१ हर्ट्झ. त्या सुराची लहर आठ मीटरांहून लांब असते. लहान खोलीत ती भिंतींवर आपटून स्वतःलाच काही ठिकाणी गिळते आणि काही ठिकाणी दुप्पट होते. मोठ्या खोलीतही हे घडतंच. पहिल्या तासात बासवाला नुसता जागा बदलत होता: इथे खालची तार नाहीशी, दोन पावलं पुढे गेला तर घुमतेय, भिंतीपासून आणखी दूर आला तेव्हा सगळे सूर सारखे. त्या जागेवर जमिनीला चिकटपट्टीची खूण केली आणि मग बाकीचे चौघं त्याच्याभोवती बसलो.

क्लिक, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टकटक, लावायची की नाही? 'आयर्न मॅन' मधेच लय बदलतं, वेगात जातं आणि परत येतं; 'काश्मीर'ला लयीचा श्वास लागतो. थांबण्याचा जो सराव केला होता तो एकमेकांकडे बघून केला होता, हेडफोनमधल्या टकटकीवर नव्हे. म्हणून सगळे एकत्र, एका खोलीत, क्लिकशिवाय, एकमेकांचे हात दिसतील असे गोलात. याची किंमत अशी की एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो, आणि कोणाचा एक सूर निसटला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही, सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. इंजिनिअरने चेलो आणि नायलॉनला दोन बाजूंनी ऐकणारे, आठच्या आकड्याच्या नमुन्याचे माइक लावले. हे माइक समोरून आणि मागून ऐकतात, बाजूंनी जवळजवळ बहिरे असतात. ती बहिरी बाजू शेजारच्या वाद्याकडे वळवली की बरीच गळती थांबते.

माझ्या गिटारसमोरचा माइक आवाजाच्या भोकासमोर नव्हता. तिथे पेटीतली हवा घुमते आणि नुसता भोंगळ बूम मिळतो. तो बाराव्या फ्रेटच्या समोर, वीतभरापेक्षा थोडा दूर होता. गिटारच्या आत बसवलेला, कंपनं पकडणारा पिकअप आम्ही वापरला नाही. पाम म्यूट वाजवताना त्यातून प्लॅस्टिकच्या चुटक्यांसारखा आवाज येतो आणि लाकूड ऐकूच येत नाही. कहोनला दोन माइक, एक समोर पाटीला, एक मागे भोकाशी. तळवा पडला की पाटी आत जाते आणि मागच्या भोकातून हवा बाहेर येते, म्हणजे दोन्ही माइकना उलट दिशेची लहर मिळते आणि एकत्र केल्यावर खर्जच कापला जातो. मागच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटी केली, आणि घुमारा असा आला की आम्ही सगळे एकदम इंजिनिअरच्या काचेकडे वळलो.

रेकॉर्डिंगची पातळी मुद्दाम खाली ठेवली. २४ बिटमध्ये शांत भागालाही पुरेशी जागा असते आणि कहोनच्या ठोक्याचं टोक कापलं जात नाही. एसी बंद. कपड्यांची बटणं गिटारच्या पाठीला लागतात म्हणून साधे टी-शर्ट. करकरणाऱ्या खुर्च्या बदलल्या. तारा रेकॉर्डिंगच्या काही दिवस आधीच बदलल्या होत्या, म्हणजे त्या ताणून स्थिर झाल्या आणि नव्या तारेचा अति-चकाकता आवाज थोडा उतरला. फ्रेट बदलताना तारेवर बोट घासल्याची चीं ऐकू येते, ती आम्ही ठेवली. चेलोवाल्याचा श्वास 'काश्मीर'च्या एका जागी स्पष्ट येतो, तोही ठेवला. कोणता टेक, म्हणजे एकदा सलग वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, निवडायचा यात सूर किंवा लय फारशी आडवी आली नाही. ज्या टेकमध्ये पाच जण एकत्र थांबले तो घेतला.

मिक्स करताना एकच मोह सतत होता: आवाज दाबून सपाट आणि मोठा करायचा, म्हणजे तो 'रॉक' वाटेल. आवाज दाबणारा कंप्रेसर जरा जास्त फिरवला की ठोक्यानंतरची खोली वर येते, शांतता भरून निघते, आणि आम्ही ज्या रिकाम्या जागेसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते. कंप्रेसर जेमतेम ठेवला. आवाज मोठा करून फायदाही नव्हता. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण -१४ लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीला आणून ऐकवतात. जास्त दाबलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं. 'आयर्न मॅन'च्या सुरुवातीला कहोनचे एकटे ठोके आहेत, ते शांतच राहिले. ज्याला ऐकायचंय तो आवाज वाढवेल.

प्रकाशित करण्याआधी हक्कांचं काम होतं. कव्हर करताना मूळ रेकॉर्डिंग आपण वापरत नाही, पण रचना तर वापरतोच, तिच्यासाठी परवाना लागतो आणि तो वितरकामार्फत काढता येतो. व्हिडिओसोबत टाकायचं असेल तर परवानगी वेगळी. श्रेय देताना रचनाकारांची सगळी नावं नोंद आहेत तशी द्यायची, आपण गीताचा एकही शब्द वापरला नसला तरी. 'आयर्न मॅन'खाली सॅबथच्या चौघांचीही नावं आहेत, 'काश्मीर'खाली पेज, प्लँट आणि बोनहॅम, 'द ट्रूपर'खाली एकटा हॅरिस. मांडणी आमची, रचना त्यांची. हे आम्ही प्रत्येक ठिकाणी लिहिलं.

पुढच्या खेपेला टूल या बँडचं 'शिझम' घ्यायचा विचार आहे. २००१ चं गाणं, पाच आणि सात अशा असमान तुकड्यांत चालणारं. त्यात मुख्य चाल बासचीच आहे, त्यामुळे डबल बासला मध्यभागी बसवावं लागेल आणि आम्हा दोघींना मागे. बासवाल्याने पाच-सातची मोजणी सुरूही केली आहे, आणि चेलोवाला शब्द पाठ करतोय.